एका अमेरिकन बँडचा कुलवृत्तांत

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची तिसरी आवृत्ती काढायचं पुण्यात ठरलं, तेव्हा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड विभागाची माहिती गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. संपादक म्हणजे माझे चुलत काका. वय एक्क्याऐंशी, निवृत्त ऑडिटर. त्यांनी फॉर्मचा नमुना पाठवला आणि दोनशे प्रती काढून ठेवायला सांगितलं. मी ऑकलंडला दोनशे प्रती काढल्या. दोन्ही देशांत मिळून आमच्या घराण्यातली माणसं निघाली तेवीस. त्यांतली तीन माझ्याच घरात राहतात. मेलबर्नचं एक अजून पोटात होतं, ते काकांनी धरू दिलं नाही.

सतरा दिवसांत काम संपलं आणि एकशे सत्याहत्तर कोरे फॉर्म उरले. मला कोरा फॉर्म बघवत नाही. मी पेनरोजमध्ये एका माल-डेपोत स्टॉक कंट्रोलर आहे. कंटेनरमधून आलेली खोकी आणि कागदावरची खोकी सारखी आहेत की नाहीत ते बघणं, हे माझं काम. बावीस वर्षं हेच केल्यावर माणसाचा स्वभाव तसा होतो, की स्वभाव तसा म्हणून माणूस या कामात टिकतो, हे मला सांगता येणार नाही.

तर त्या उरलेल्या फॉर्मांवर मी एका अमेरिकन रॉक बँडचा कुलवृत्तांत लिहायला घेतला.

हा बँड मला पुण्याच्या हॉस्टेलात भेटला, म्हणजे खोलीतल्या मित्राच्या कॅसेटवर. कॅसेटची एक बाजू संपायची तिथे शेवटचं गाणं तुटायचं. ते गाणं तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं आहे. मी ते सहा वर्षं तीन मिनिटं अकरा सेकंदांचं समजत होतो आणि शेवट फार धाडसी आहे असं लोकांना सांगत होतो. पूर्ण गाणं ऐकल्यावर जरा निराश झालो. पण तोवर जीव जडला होता.

बँड पन्नासहून अधिक वर्षं चालू आहे आणि त्यात माणसं सारखी बदलत आलेली आहेत. त्यामुळे कुलवृत्तांताचा फॉर्म त्याला आमच्या घराण्यापेक्षाही नीट बसला. मूळपुरुष दोन, एक गिटारवाला आणि एक गायक. पहिल्या पिढीत एकूण चार. त्यांतला ड्रमर तेराव्या दिवशी आईने बोलावलं म्हणून घरी गेला. त्याच्या जागी आलेल्याला मी 'दत्तक' अशी नोंद केली. पुढे ड्रमरच अकरा झाले, तेव्हा दत्तकांना वेगळी पुरवणी जोडावी लागली. मग बासवाल्याचं आणि गायकाचं बिनसलं. बासवाला वेगळा निघाला आणि शेजारच्या राज्यात त्याच नावाने दुसरा बँड थाटून बसला. काही काळ एका नावाची दोन घरं नांदत होती. वाटणीत नाव थोरल्या पातीकडे राहिलं, गाडी धाकट्या पातीने नेली. आमच्या घराण्यात शंभरेक वर्षांपूर्वी असंच एक प्रकरण झालेलं आहे, फक्त गाडीच्या जागी फणसाचं झाड.

सर्वांत त्रास गायकाने दिला. त्याला तीनदा काढलं होतं आणि चारदा परत घेतलं होतं. हे गणित जमेना. दोन महिने जुन्या मुलाखती चाळल्यावर उलगडा झाला. एकदा त्याला काढलेलंच नव्हतं. तो मासे धरायला गेला होता आणि बाकीच्यांनी त्याने बँड सोडला असं समजून निरोपसमारंभही उरकला होता.

माझी बायको फार्मसिस्ट आहे, माउंट वेलिंग्टनला एका औषधांच्या दुकानात. ती या उद्योगाकडे फारसं लक्ष देत नसे. बँड डिसेंबरमध्ये पेनरोजच्या स्टेडियममध्ये येणार असं कळलं तेव्हा मात्र तिने विचारलं, "आता मूळचा कोण उरलाय त्यात?"

"एकटा गिटारवाला."

"आणि तो तरी पूर्ण मूळचा आहे का? परवा तूच म्हणालास, खुबा बदललाय म्हणून."

"खुबा बदलला म्हणून माणूस बदलत नाही."

"विचारलं आपलं. तू मोजतोस म्हणून."

एकतीस माणसांचे एकतीस फॉर्म झाले. तीस भरलेले होते. एकोणिसावा रिकामा होता. बँडची एक जुनी लाइव्ह रेकॉर्ड आहे, त्यात एका गाण्यात लांबलचक ऑर्गन वाजतो. फॉर्म अठराचा ऑर्गनवाला त्याआधीच भांडून गेला होता आणि वीसचा अजून आला नव्हता. वेष्टणावर ऑर्गनवाल्याचं नावच नाही. मुलाखतींमध्ये कोणी विचारलं की सगळे म्हणतात, होता कोणीतरी. मी फॉर्म एकोणीसवर 'माहिती मिळाली नाही' असं लिहिलं. जेवताना मध्येच आठवायचं आणि घास तसाच राहायचा.

दर रविवारी सकाळी मी अवोन्डेलच्या बाजारात मेथी आणायला जातो. ऑक्टोबरातल्या एका रविवारी मी बँडचा जुना टी-शर्ट घालून गेलो होतो. बायको त्याला फडकं म्हणते. बाजाराच्या कडेला एक गोरे आजोबा व्हॅनच्या मागच्या दारात रोपं विकायला बसतात. दुधाच्या बाटल्या अर्ध्यावर कापून त्यांत टोमॅटो, मिरची, पालक. पायात बारा महिने जँडल्स, म्हणजे रबरी चपला. मी मिरचीचं रोप बघत होतो, तेव्हा त्यांनी माझ्या छातीकडे बोट दाखवलं.

"मी होतो त्यात."

"कशात?"

"त्या बँडमध्ये. ऑर्गन वाजवायचो."

मी रोप खाली ठेवलं. "केव्हापासून केव्हापर्यंत?"

आजोबा जरा बिचकले. "लोक साधारणपणे 'खरंच?' असं विचारतात," ते म्हणाले.

"ते नंतर. आधी तारखा."

त्यांनी वर्ष सांगितलं. मी मनात फॉर्म अठरा आणि वीस आठवले. वर्ष बरोबर दोघांच्या मध्ये पडत होतं. मी मेथी न घेताच घरी गेलो आणि कोरा फॉर्म, पेन आणि खाली टेकू म्हणून पाट घेऊन परत आलो.

फॉर्म मराठीत होता, म्हणून मी एकेक रकाना इंग्रजीत समजावून सांगितला. आजोबा म्हणाले, घरी नेऊन भरतो. पुढच्या रविवारी फॉर्म परत मिळाला, मातीचे डाग पडलेला, पण एकही रकाना न सोडलेला. इतका पूर्ण फॉर्म मला तेवीसांपैकी एकाही नातेवाइकाने दिला नव्हता. गोत्र म्हणजे कोणत्या ऋषीचे वंशज, असं मी सांगितलं होतं. तिथे त्यांनी लिहिलं होतं, 'ऋषी माहीत नाही, आजोबा रेल्वेत होते.' विवाहाच्या रकान्यात, 'दोन. दुसरा उत्तम चालू.' कार्यकाळ, 'बेचाळीस दिवस.' वेगळे निघण्याचं कारण, 'पेट्रोल पंपावर संडासात गेलो. बाहेर आलो तर गाडी नव्हती.'

"परत न्यायला आले नाहीत?" मी विचारलं.

"मी दोन दिवस थांबलो. पंपवाल्याने मला टायर बदलायला शिकवलं."

"पण त्यांच्या लक्षात आलं नाही?"

"वाळवंटात पुढचा कार्यक्रम नऊ दिवसांनी होता, मेट. तोपर्यंत ऑर्गनवाल्याची गरजच नव्हती."

मी हसलो नाही, कारण ते हसत नव्हते. त्यांनी मिरचीच्या रोपांवर पाणी शिंपडलं आणि मग खरी गोष्ट सांगितली. त्यांच्या घरी दर वाढदिवसाला एक नाटक होतं. जावई केसांचा टोप घालून इस्त्रीच्या टेबलावर ऑर्गन वाजवतो, दोन्ही मुली मागे नाचतात, आणि नातवंडं ओरडून विचारतात, "पॉप्स, या वर्षी तू बँडमध्ये किती वर्षं होतास?"

"मीही हसतो," आजोबा म्हणाले. "न हसून काय करणार? पण येत्या डिसेंबरात मला पंचाहत्तर होतील. त्या दिवशी मला एक छापील कागद हवाय. तुझ्या पुस्तकातलं एक पान. एकदा तरी त्या इस्त्रीच्या टेबलासमोर उभं राहून मला तो वाचून दाखवायचाय."

"दोन स्वतंत्र पुरावे लागतील," मी म्हणालो.

"माझा शब्द?"

"तो धरत नाहीत."

कोणाला हे निष्ठुर वाटेल. पण एक नोंद ऐकीव घेतली की उरलेल्या तीस नोंदी संशयात येतात. तरी खात्री करावी म्हणून मी पुण्याला काकांना फोन केला आणि नावं न घेता विचारलं, "काका, समजा एखाद्याला प्रवासात सगळे विसरून पुढे गेले आणि तो परत कधी आलाच नाही, तर तो घराण्यात धरायचा का?"

मग काका म्हणाले, "कोणाला विसरलात तुम्ही?"

"आम्ही नाही. दुसरे लोक."

"मुलगी घरी आहे ना? तिला फोन दे."

मुलगी फोनवर आली. तिला मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीतच सुचतं. "आय अ‍ॅम हिअर, आजोबा," तिने सांगितलं, तेव्हा काकांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी निर्णय दिला. जो एकदा घरात होता तो घराण्यात धरायचा. परत आला की नाही याचा संबंध नाही. पण दोन पुरावे हवेत.

पहिला पुरावा मला आमच्याच दिवाणखान्यात मिळाला. फॉर्म अठराच्या ऑर्गनवाल्याने एका जुन्या मुलाखतीत कबूल केलं होतं, की बँड सोडताना रागाच्या भरात त्याने ऑर्गनची एक पट्टी गोंदाने चिकटवून टाकली. कोणती पट्टी, ते त्याने सांगितलं नव्हतं. मी मात्र पूर्वीच तीन रविवार बसून त्या लाइव्ह रेकॉर्डमधल्या ऑर्गनचे सूर मोजले होते. दोनशे बारा सूर. त्यांत काळी चार एकदाही नाही, जवळून जायची वेळ आली की वाजवणारा उडी मारून पलीकडे जातो. हे मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं. म्हणजे बायकोला सांगितलं होतं, पण तिने ऐकलं नव्हतं.

इथल्या मराठी मंडळाची पेटी आमच्याकडेच असते, कारण गॅरेज मोठं आहे. शनिवारी दुपारी मी आजोबांना चहाला बोलावलं. बायकोने पोहे केले. आजोबांनी दोनदा घेतले आणि म्हणाले, बँडमध्ये असं काही मिळत नव्हतं. मग मी पेटी समोर ठेवली. ते हळूहळू चटईवर बसले, गुडघ्यांचा आवाज मुलीच्या खोलीपर्यंत गेला.

"दुसरा हात कुठे जातो?" त्यांनी विचारलं.

"एका हाताने भाता मारायचा. मागचा."

"मग वाजवायला एकच उरतो."

"आम्ही एकानेच वाजवतो."

"मी दोन हातांचा माणूस आहे, मेट."

पुरावा एका हातावर अडणार असं दिसलं. तेवढ्यात बायको दुकानातून आली होती तशीच, अंगावर पांढरा कोट, त्यांच्यासमोर पेटीच्या मागच्या बाजूला बसली आणि भाता मारायला लागली. "वाजवा," ती म्हणाली. "मला साडेचारला कपडे वाळत घालायचेत."

आजोबा दोन्ही हातांनी वाजवू लागले. आधी चाचपडत, मग जोरात. आमच्या पेटीतून आजवर आरत्या आणि नाट्यगीतं निघाली होती. त्या दिवशी ती कोणीतरी पाय ओढल्यासारखी ओरडत होती. बायकोचा भाता मागे पडायला लागला, तेव्हा आजोबा तिला "फास्टर!" म्हणाले आणि ती मला म्हणाली, "बघत काय बसलायस, पंखा लाव." मुलगी दारात उभी राहून फोनवर सगळं टिपत होती. "बाबा, धिस इज द बेस्ट थिंग यू हॅव एव्हर डन," ती म्हणाली. मी काहीच केलेलं नव्हतं, मी सूर मोजत होतो.

एकशे अठ्ठ्याऐंशी सूर झाले आणि आजोबा थांबले. काळी चार एकदाही नाही. दोनदा त्यांचं बोट तिच्यापर्यंत गेलं आणि निखाऱ्यावरून उचलावं तसं उडालं.

"ही का सोडलीत?" मी विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

आजोबांनी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. "सोडली? हो, सोडली. ती चिकटलेली होती त्या ऑर्गनवर. आधीच्या गाढवाने गोंद लावला होता." ते बोट त्यांनी शर्टाला पुसलं. "बावन्न वर्षं झाली. अजून बोट तिथे जात नाही."

बायको भात्यावरून उठली. घामाघूम झाली होती. "हा पुरावा धर," ती मला म्हणाली. "नाही धरलास तर या मंडळाची पेटी मी मंडळाला परत देईन."

मी धरला. एक झाला.

दुसऱ्यासाठी मी बँडच्या कार्यालयाला चार ईमेल पाठवल्या. चारही वेळा उत्तर आलं, की तुमच्या प्रेमाबद्दल आभारी आहोत. नोव्हेंबर संपला. दर रविवारी आजोबा काही न विचारता माझ्या पिशवीत एक टोमॅटोचं रोप टाकत. ते लाच समजावं की नाही या विचारात मी ती सगळी कुंपणाशी वेगळ्या रांगेत लावली. वाढदिवस पंधरा डिसेंबरच्या आसपासच्या शनिवारी होता आणि फॉर्मवर एकच पुरावा होता.

मग डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बँडचं सामान आमच्याच डेपोत आलं. स्टेडियम आमच्यापासून दोन रस्ते पलीकडे आहे, तेव्हा यात चमत्कार काही नाही. चौसष्ट खोकी, चौसष्टही यादीप्रमाणे. क्रमांक एक्केचाळीस, 'ऑर्गन, जुना, लाकडी.' मी त्या खोक्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. पण खोकं उघडायचा मला अधिकार नाही, आणि अधिकार नसताना मी आजवर पुठ्ठ्याची चिकटपट्टीसुद्धा उचललेली नाही.

उघडलं ते बायोसिक्युरिटीच्या इन्स्पेक्टरबाईंनी. आधीचा कार्यक्रम कुठल्याशा देशात गवताच्या मैदानावर झाला होता, ऑर्गनच्या पायांना चिखल लागला असेल म्हणून तपासणी. बँडतर्फे एक मुलगी हातात कागद घेऊन उभी होती, डेपोतर्फे मी. बाईंनी पाय पुसून पाहिले, मागची फळी काढली, आत टॉर्च मारला. पट्ट्यांच्या खाली कित्येक वर्षांची धूळ होती. बाईंनी चिमट्याने त्यातून काहीतरी उचललं आणि पांढऱ्या थाळीत ठेवलं.

दात होता. माणसाचा, पुढचा.

"हा कोणाचा?" त्यांनी विचारलं.

बँडच्या मुलीने कागद वर-खाली पाहिला. "यादीत नाही," ती म्हणाली.

बाईंनी दात उलटासुलटा केला. "माझ्या यादीतही माणसाचे दात नाहीत. बी नाही, माती नाही, किडा नाही. क्लिअर." आणि तपासणी झालेला माल होता तसा ठेवायचा असा नियम असल्यामुळे त्यांनी तो दात होता तिथे धुळीत परत ठेवला आणि फळी लावली.

मी सही केली. ती वाकडी आली, अजून फायलीत तशीच आहे.

आता पंचाईत अशी, की ग्राहकाच्या खोक्यात काय पाहिलं ते बाहेर सांगता येत नाही. बायकोलाही नाही. ती मला कधी पेशंटबद्दल सांगत नाही. म्हणूनच हे लिहिताना मी बँडचं, डेपोचं आणि कोणाचंच नाव घातलेलं नाही. पण प्रश्न विचारायला मनाई नाही. रविवारी मी बाजारात गेलो आणि आजोबांसमोर उभा राहिलो. उत्तर सुचवायचं नाही, असं स्वतःला तीनदा बजावलं.

"त्या ऑर्गनमध्ये तुमचं काही राहिलं होतं का?"

"माझं? काय राहणार? माझ्याकडे एक पिशवी होती, ती गाडीत गेली."

"गाडीत नाही. ऑर्गनमध्ये. आत."

ते विचार करत राहिले. एक बाई येऊन कोथिंबिरीचं रोप घेऊन गेली. मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. त्यांनी तोंड उघडलं, वरच्या कवळीचा एक तुकडा अंगठ्याने काढून हातात घेतला आणि पुढच्या फटीवर बोट ठेवलं.

"हा," ते म्हणाले. दात नसल्यामुळे उच्चार वेगळा आला. "ड्रमरच्या हातून काठी सुटली. लागली सरळ तोंडावर. दात पट्ट्यांमधून आत गेला. मी वाजवत राहिलो. बाकीचे कधी थांबले तेही कळलं नाही मला."

त्या रेकॉर्डमध्ये ऑर्गनच्या मध्येच एक 'टक्' असा आवाज येतो आणि शेवटी सगळे थांबल्यावर ऑर्गन एकटाच पुढे चालू राहतो. त्या 'टक्'ला मी तीस वर्षं ड्रमरची कल्पकता म्हणत आलो होतो.

मी त्यांचा हात हातात घेतला. त्यात कवळी होती. "तुमची नोंद झाली," मी म्हणालो.

आजोबा एकदम खाली बसले, पालकाच्या रोपांवरच. दोन बाटल्या चेपल्या. "पुरावा काय मिळाला?" त्यांनी विचारलं.

"ते सांगता येत नाही."

"पण मिळाला?"

"मिळाला."

त्यांनी पुढे विचारलं नाही. नंतर तीस सेकंद ते फक्त "हं" म्हणत होते, वेगवेगळ्या सुरांत.

शनिवारी आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो. मागच्या अंगणात बार्बेक्यू, पस्तीस-एक माणसं. मी नोंद चांगल्या जाड कागदावर छापून नेली होती, अकरा प्रती. दुसऱ्या पुराव्यासमोर 'संपादकाने स्वतः पाहिला, तपशील गोपनीय' असं लिहिलं होतं. केक कापायच्या आधी जावई टोप घालून इस्त्रीचं टेबल घेऊन आला, मुली मागे उभ्या राहिल्या, नातवंडांनी आरोळी ठोकली. आजोबांनी हात वर केला. खिशातून कागद काढला. पहिल्याच ओळीवर ते अडले आणि त्यांनी कागद थोरल्या मुलीला दिला.

तिने हसत वाचायला सुरुवात केली. चौथ्या ओळीपर्यंत तिचं हसू गेलं. तिने पुराव्यांचा भाग दोनदा वाचला. जावयाने टोप काढून हातात धरला.

"हे कोणी लिहिलं?" तिने विचारलं.

"मी," मी म्हणालो. "संपादक."

"आणि हे खरं आहे?"

"खोटं असतं तर मी छापलं नसतं."

"हो, तो छापत नाही," माझी बायको म्हणाली. "आमच्या मेलबर्नच्या पुतण्यालाही त्याने जन्मायच्या आधी धरलं नव्हतं."

थोरली मुलगी पुढे वाचू लागली, "बँडमधील कार्यकाळ, बेचाळीस दिवस."

आजोबा खाकरले. "अठरा," ते म्हणाले.

"काय, डॅड?"

"अठरा दिवस. बेचाळीस नाही." ते टेबलाला धरून उभे होते. "कोणी विश्वास ठेवत नव्हतं तोवर आकडा कितीही चालत होता. आता छापलंय. आता खरं सांगायला हवं."

सगळं अंगण असं हसलं की शेजारच्या कुत्र्याने भुंकायला सुरुवात केली. पण या वेळी आजोबाही हसत होते, कवळी दिसेपर्यंत. थोरली मुलगी त्यांच्या गळ्यात पडली आणि जावयाने टोप स्वतः त्यांच्या डोक्यावर ठेवून टेबल त्यांच्याकडे सरकवलं.

मला मात्र एक हिशेब सुटल्याचा आनंद झाला होता. बेचाळीस दिवस धरले की फॉर्म वीसचा माणूस चोवीस दिवस आधीच येऊन बसत होता. दोन ऑर्गनवाले एका ऑर्गनवर कसे, हे मला कळत नव्हतं आणि वाढदिवसापुरतं मी ते मनातच ठेवलं होतं. अठरा धरले की दोघांची वेळ दिवसाला दिवस जुळत होती.

मी पेन काढलं. इस्त्रीच्या टेबलावर आजोबा दोन्ही हातांनी वाजवत होते, त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर मी अकरा प्रती ओळीने मांडल्या, एकेकीवर बेचाळीस खोडून अठरा लिहिलं आणि प्रत्येक दुरुस्तीपुढे आधी माझी सही केली, मग वाजवणं थांबवून त्यांची घेतली. सातव्या प्रतीवर केकचं क्रीम सांडलं होतं. तिच्यावरही घेतली.